सरांचा बसलेला घसा

"उद्यापासून अकरावीचा तास तू घे," सर म्हणाले. या माणसाच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार.

शहराच्या महाल भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. भिंगं पुसायची, तारा जोडून ठेवायच्या, मुलं गेली की टेबलं आवरायची. एम.एस्सी. झालेलं होतं. बी.एड.चे सरावपाठही मैत्रिणींच्या आधाराने कसेबसे पार पडले होते. शिक्षिका व्हायचं हे शाळेत असल्यापासून मनात होतं. पण मी अडखळत बोलते. काही अक्षरं ओठांपर्यंत येतात आणि तिथेच हटून बसतात. त्यात सगळ्यात हट्टी माझं स्वतःचं नाव. त्यामुळे शिक्षकाच्या जागेसाठी मी कधी अर्जच केला नव्हता.

कॉलेजात असताना आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं स्वागत करायला मला उभं केलं होतं. माइकसमोर गेले आणि नावातच अडकले. नुसता श्वासाचा आवाज भोंग्यातून विहाराच्या पटांगणभर पसरत राहिला. शेवटी एका काकांनी हसत माइक घेतला, "शाबास पोरी" म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. न बोललेल्या भाषणाला टाळ्या! तेव्हापासून मला कोणी बरं म्हटलं की मी आधी त्याचा चेहरा बघते.

सरांचा चेहराही मी तसाच बघितला. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि आवाज फाटका येत होता.

"घसा बसला आहे. पंधरवडाभर बोलू नको म्हणाला डॉक्टर."

"पण सर, म-मीच का?"

"दुसरं कोण आहे?" म्हणून ते निघून गेले.

दुसरं कोणी नव्हतं हे खरंच. पण त्याच सुमारास आमच्याकडे शिक्षकाची एक जागा निघाली होती आणि सरांच्या पुतण्याने तिथे अर्ज केला आहे, असं ऑफिसातल्या मॅडमनी मला सांगितलं होतं. अर्जाची मुदत अजून संपली नव्हती. मी पुढेमागे हिंमत केलीच, तर ती आधीच मोडून ठेवायची, तीही भरल्या वर्गासमोर, हा सरांचा डाव. मला सगळं लख्ख दिसायला लागलं.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"चांगलं म्हणून दिलं असन त्यायनं. तू काहून एवढा इचार करून राहिली?"

"आजवर कधी दिलं नाही, आताच का दिलं?"

"आता घसा बसला म्हणून."

"बसलाय कशावरून?"

आईने भाजीची जुडी खाली ठेवली. "तुले भेव वर्गाचं हाय का सरायचं, ते आधी ठरव," म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना गांधीबागेच्या वळणावर पोह्यांच्या गाडीपाशी सर दिसले. मी स्कूटी बाजूला घेऊन थांबले. बसलेल्या घशाचा माणूस लालभडक तिखट रश्श्याची तर्री ओतून पोहे खात होता! वर आणखी तर्री मागायला त्याने प्लेट पुढे केली. माझा संशय पक्का झाला. पण गंमत अशी, की तो पक्का झाल्याबरोबर मला थोडा धीर आला. म्हटलं, हा मला पाडायला बघतोय ना, मग घेतेच तास.

त्या दिवशीचा धडा भिंगांचा होता. मी एक चलाखी योजली होती. खिडकीसमोर बहिर्वक्र भिंग धरायचं, भिंतीवर बाहेरच्या कडुलिंबाचं उलटं झाड दाखवायचं आणि शक्य तितकं कमी बोलायचं. वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर प्राचार्य बाई बसलेल्या. मी मनात म्हटलं, झालं. साक्षीदारही बोलावून ठेवलाय.

"आज आपण ब... ब..."

शब्द अडला. मग उजवीकडून कोणीतरी फिसकन हसलं. यालाही सरांनीच बसवलंय का, असं क्षणभर वाटलं. भिंग हातात होतं. भिंत समोर होती, खिडकीत ऊन होतं. न बोलता झाड दाखवून टाकता आलं असतं. पण तसं केलं तर जन्मभर भिंगंच पुसावी लागतील, हे मला त्याच क्षणी कळलं. मी भिंग टेबलावर ठेवलं.

"मी अडखळते," मी म्हणाले. हे वाक्य मात्र सरळ आलं. "माझा शब्द यायला वेळ लागतो, पण तो येतो. तोवर थ-थांबायचं. मधे कोणी शब्द पुरवायचा नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

कोणी हसलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. 'बहिर्वक्र' म्हणायला मला किती वेळ लागला कोणास ठाऊक, पण ते म्हटलं. मग भिंग उचललं. झाड भिंतीवर उलटं लटकलं तेव्हा मागची मुलं बाकांवर चढली आणि प्रश्न सुरू झाले. उत्तरं देताना मी बऱ्याचदा अडले. प्राचार्य बाई मधेच उठून गेल्या. घंटा झाली तेव्हा माझ्या ओढणीचा पदर खडूने माखला होता आणि शिकवायचं अर्धं राहून गेलं होतं.

बाहेर व्हरांड्यात, दाराआडच सर उभे होते. मी थेट विचारलं, "सर, तुम्ही म-मुद्दाम केलं ना?"

"हो," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "पुतण्यासाठी?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मला प्रयोगशाळेत नेलं. घशात गाठ निघाली आहे, ऑपरेशन सांगितलंय, आवाज पहिल्यासारखा येईल याची खात्री नाही, हे सगळं ते थांबत थांबत, जवळजवळ कुजबुजत बोलले. बोलता बोलता त्यांची घरची भाषा वर आली.

"मले पाहायचं होतं, आवाज दगा देऊन राहिला तरी माणूस वर्गात उभा राहू शकते का. तुले रोज पाहतो ना मी. म्हणून तुलेच पाठवलं."

"आणि मी पडले असते तर?"

त्यांनी मफलर सैल करून पुन्हा गुंडाळला. मला त्यांची दया आली आणि चीडही आली. स्वतःची भीती तपासायला त्यांनी मला पुढे ढकललं होतं.

"आणि तर्री?"

"डॉक्टरनं बोलू नको म्हटलं. खाऊ नको नाही म्हटलं," म्हणून ते हसले आणि हसता हसता खोकले.

पंधरवडाभर मी तास घेतले आणि मुदत संपायच्या आत अर्जही केला. मुलाखतीत स्वतःच्या नावावर अडकले. समोरच्या गृहस्थांनी "असू द्या, असू द्या" म्हटलं. मी त्यांना हाताने थांबवलं आणि नाव पूर्ण केलं. जागा पुतण्यालाच मिळाली. सरांनी शब्द टाकला होता का? ते नाही म्हणाले. मी मान डोलावली, पण आजही मला खात्री नाही.

मात्र मुलाखतीला जाऊन आल्यावर दुसरा अर्ज करायला मला कोणाच्या धक्क्याची गरज पडली नाही. तिसऱ्या ठिकाणी निवड झाली. आता मी हिंगणा रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सरांचं ऑपरेशन झालं. ते गळ्यात छोटा माइक अडकवून तास घेतात, असं ऐकते. दर जूनमध्ये नव्या वर्गात पहिलं वाक्य बोलण्याआधी माझी नजर अजूनही शेवटच्या बाकावर जाते, तिथे कोण बसलंय ते बघायला. बघून होतं आणि मी शिकवायला लागते.