टेपबाईचं कुणी ऐकेना

बायकांच्या आतल्या कपड्यांच्या त्या दुकानात तिला सगळे टेपबाई म्हणत. गळ्यात मापाची टेप नाही अशी ती कुणी पाहिलीच नव्हती. मागच्या तीन ट्रायल रूममध्ये तिने बावीस वर्षं मापं घेतली. बहुतेक बायकांना आपली साईज चुकीचीच माहीत असते, असं तिचं ठाम मत होतं, आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघे.

इतक्या वर्षांत तिच्या नजरेला आणखीही काही दिसायला लागलं होतं. कुठे कातडीला पडलेली खळी, कुठे एकीकडचंच आत ओढलेलं स्तनाग्र, कुठे संत्र्याच्या सालीसारखी झालेली जागा. ती हळू आवाजात म्हणे, "बाई, हे एकदा डॉक्टरांना दाखवा हं." काही जणी आभार मानत. एकीने मात्र थेट काउंटरवर तक्रार केली. मालकीणबाईंनी टेपबाईला बोलावून घेतलं.

"तू माप घे, डॉक्टरकी करू नकोस. लोक इथे घाबरायला येत नाहीत."

"मग काय डोळे मिटून माप घेऊ?"

"तोंड मिटून घे. तेवढं पुरे."

परक्या बायका ऐकत नाहीत, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण तिच्या घरातच एक बाई अशी होती की जिच्यापुढे तिने हात टेकले.

ही तिची मोठी नणंद. लग्न केलेलं नाही, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, वय छप्पन्न. भावाकडेच राहायची. ताईंनी साखर पाच वर्षांपूर्वी सोडली होती. सकाळी जवस, दुपारी पालेभाज्या, संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं; रोज तासभर चालणं. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ताई दर शनिवारी इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये बायकांचा वर्गही घेत. बाहेर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: 'कर्करोगाला स्वयंपाकघरातच अडवा.' बावीस-तेवीस बायका वह्या घेऊन यायच्या.

एकदा नवीन ब्रा घ्यायची म्हणून ताई दुकानात आल्या. टेपबाईने हात वर करायला सांगितला, आणि डाव्या बाजूला खालची कातडी आत ओढली गेली. हात खाली, खळी गेली. हात वर, पुन्हा खळी.

"ताई, हे कधीपासून आहे?"

"काय? अगं, जुन्या ब्राची तार रुतली असेल."

"तार रुतली तर वळ उठतो, ताई. कातडी आत जात नाही. उद्याच दाखवून येऊ."

ताई हसल्या. "मला काय होणार आहे? माझा डबा बघतेस ना तू रोज?"

झालं. तिथून सात महिने टेपबाई डोकं आपटत राहिली. एकदा तिने तपासणीची वेळ ठरवली, त्या दिवशी ताईंचा वर्ग निघाला. दुसऱ्यांदा ठरवली, तर ताईंना सर्दी. गोडीने सांगून झालं, रागावून झालं, जेवण सोडण्याची धमकी देऊन झाली. ताई म्हणाल्या, "सोड की, उपासाने शरीर हलकं होतं."

नवऱ्याला सांगावं, तर तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. "तुम्हा दोघींच्या भांडणात मी दोन मजल्यांच्या मधे अडकतो," म्हणाला. "बहिणीशी असलं बोलायला मला लाज वाटते गं."

"लाज वाटते? मग मला काय हौस आहे?"

शेवटी एका शनिवारी टेपबाई अर्धी रजा टाकून वर्गात जाऊन मागे बसली. ताई सांगत होत्या, "आहार शुद्ध असेल तर गाठीला शरीरात थाराच मिळत नाही." बायका भराभरा लिहून घेत होत्या. ती माना खाली घालून लिहिणारी रांग बघून टेपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"हे लिहू नका. चांगलं खा, वजन आटोक्यात ठेवा, दारूपासून लांब राहा, त्याने धोका कमी होतो. पण ज्यांचं सगळं बरोबर असतं त्यांनाही होतं. आपल्यापैकी किती जणींनी तपासणी केलीय?"

दोन हात वर आले. ताईंचा चेहरा पांढरा पडला. पुढचं वाक्य टेपबाईच्या अगदी ओठांवर होतं, पण ते तिने गिळलं. ते सांगायचं की नाही, हे ताईंचं ताईंनी ठरवायचं होतं.

ताई अकरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी भावाला सांगायच्या. बाराव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "उद्या रजा मिळेल का तुला?"

मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला गेला, आणि कर्करोगच निघाला. काखेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, असा बेत त्यांनी समजावला. ताईंनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"माझं खाण्यात काय चुकलं?"

"काहीच नाही."

"काहीतरी चुकलंच असणार. दूध? मी दूध घेते."

"बाई, चांगल्या आहाराने धोका थोडा कमी होतो, शून्य होत नाही. तुमच्या सवयी उत्तम आहेत, उपचारांतही उपयोगी पडतील. फक्त यायला उशीर झाला. लवकर आला असतात तर उपचार कदाचित सोपे झाले असते."

टेपबाईला ओरडावंसं वाटलं. सात महिने! पण शेजारी ताई पर्सचा बंद हातात घट्ट पिळत बसल्या होत्या. तिने पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली.

केमो सुरू झाली तशी माणसं भेटायला यायला लागली. एक म्हणायची, "एवढं पथ्य करून काय मिळालं?" दुसरी म्हणायची, "जवस गरम पडलं असेल." तिसरीने कुठल्याशा पाल्याचा रस आणला, आणि वर सल्ला, केमो बंद करून हाच घ्या. तो रस टेपबाईने तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला. ती बाई फणकाऱ्याने निघून गेली; टेपबाईला त्या आठवड्यात तेवढंच काय ते बरं वाटलं.

ताईंचं तोंड आतून सोललं होतं. घोट उतरेना. डॉक्टरीणबाईंना विचारून टेपबाईच्या नवऱ्याने आईस्क्रीमचा कप आणला. ताईंनी चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "पाच वर्षं," त्या पुटपुटल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. वर्षभराने ताईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. पाटी काढून टाकली. पहिला अर्धा तास स्तन कसे बघायचे, काय दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं, तपासणी कधी करायची, यावर, मग आहार. महिन्याभरात बावीसच्या नऊ उरल्या. बाकीच्यांचं म्हणणं, पूर्वी छान पाककृती मिळायच्या, आता नुसतं घाबरवतात.

"तुझ्या मालकीणबाईंचेच शब्द," ताई चिडून म्हणाल्या. "सांगायचं तरी कसं या बायकांना?"

"मला विचारताय? मला घरातली एक बाई वळवायला सात महिने लागले."

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझी तपासणी कधी झाली?"

टेपबाई शेहेचाळीस वर्षांची होती. ती म्हणाली, "मला काही असतं तर कळलं नसतं का? बावीस वर्षं मी दुसरं काय बघतेय?"

बोलून गेल्यावर तिलाच ते वाक्य ऐकू आलं. स्वतःचाच इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोघी गेल्या. मशीनच्या दोन पाट्यांत स्तन दाबला गेला तेव्हा टेपबाई कळवळली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "हे मशीन बनवणारा नक्की पुरुष असणार." रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. ताईंनी तो तिच्या हातातून घेऊन दोनदा वाचला.

"पुढची तारीख मी ठरवणार," ताई म्हणाल्या. "आणि त्या दिवशी तुला सर्दी झालेली चालणार नाही."