दहा मिनिटं पुढचं घड्याळ

जळगावला डिझाइनच्या वर्गात मी सागवानी फळीचं घड्याळ केलं. काट्यांमागचं मशीन तेवढं बाजारातलं. फळी कापणं, घासणं, कोनमापकाने तीस-तीस अंशांवर आकडे बसवणं, सगळं माझं. सरांनी ते हातात घेतलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि हसले.

"हे दहा मिनिटं पुढे आहे. नवं घड्याळ कुणी पुढे लावतं का? कुणाच्या तरी भिंतीवरून काढून आणलंयस."

माझं डोकंच फिरलं. भडगावला आमच्या घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं, पहिली एसटी चुकू नये म्हणून. हाताला तीच सवय लागलेली. हे सांगितलं, तर सरांना तेही रचलेलं वाटलं. शेवटी मशीन सोडवून फळीच्या पाठीवरच्या माझ्या पेन्सिलच्या रेघा दाखवल्या. "रेघा काय, कुणीही मारेल," म्हणत त्यांनी मला काठावर पास केलं आणि काटे दहा मिनिटं मागे घेतले.

शनिवारी मी घड्याळ घेऊन तणतणत घरी गेले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते उलटंपालटं करून पाहिलं, खिळ्याला अडकवलं आणि काही न विचारता काटे दहा मिनिटं पुढे सरकवले. वाटलं, एक माणूस तरी आपल्या बाजूचा आहे.

मग ते वळले आणि माझ्या डोळ्यांत रोखून बघत हळूच म्हणाले, "भारी शे. पन खरं सांग, कोनी करी दिधं?"