चंपाताई आणि दीड अँपिअर

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत कुणाची बेल वाजेनाशी झाली, की लोक वायरमनच्या आधी चंपाताई ओव्हाळांना हाक मारत. टेलिफोन एक्स्चेंजच्या फॉल्ट सेक्शनमध्ये त्यांची सगळी नोकरी झालेली. तार कुठे तुटली असेल, हे त्या घरबसल्या सांगत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. मुलीला यायला जरा उशीर झाला, की मात्र सगळी अक्कल गुंडाळून खिडकीत उभ्या राहत.

या मुलीने, सोनालीने, खराडीतल्या नोकरीच्या पगारावर एक जुनं मोटरहोम घेतलं होतं. मिनीबसमध्ये पलंग, ओटा, पंखे बसवून कुणीतरी हौसेने केलेलं. शनिवारी दोन मैत्रिणींबरोबर अजिंठ्याला निघायचं ठरलं. पण बॅटरी नवी असूनही सारखी उतरत होती.

"काय खातंय ते सापडलं नाही, तर जायचं नाही," चंपाताईंनी बजावलं. "आडरानात बंद पडली म्हणजे?"

"मग शोध ना. तूच तर फॉल्टवाली."

शुक्रवारी सकाळी चंपाताईंनी पदर खोचला. गाडीतली बटणं बंद केली, बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये मीटर लावला. सगळं बंद, तरी मीटर दीड अँपिअर दाखवत होता.

"बघितलंत? कोणीतरी चोरून खातंय."

"घरी फ्रीजपाशी असतं तसं," नवरा रतन म्हणाला.

"अहो, विनोद पुरे. एकेक फ्यूज काढा."

रतन फ्यूज काढत गेला. दिवे, पंप, टेप, आकडा ढिम्म. चंपाताई आधीच्या मालकाचा उद्धार करत होत्या. "काय वायरिंग केलंय मेल्याने!"

इन्व्हर्टरचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन शून्यावर आला.

फ्यूज परत बसवायला सांगून चंपाताई टॉर्च घेऊन पलंगामागे वाकल्या. तिथल्या प्लगमध्ये लाल दिवा मिणमिणत होता. डास मारायचं मशीन. मुलीला डेंग्यू होईल, या धास्तीने त्यांनीच तिथे लावलेलं! त्या दिवशी गाडीला घरच्या विजेची वायर जोडलेली होती. ती काढल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू झाला आणि रात्रंदिवस रिकाम्या गाडीतले डास पळवत बसला.

त्या तशाच वाकून राहिल्या. काहीच सापडलं नाही म्हटलं, तर पोरगी उद्या घरात राहणार होती.

"आई, मिळालं का गं काही?" सोनालीने दारातून डोकावून विचारलं.

चंपाताईंनी मशीन उपटलं आणि वर धरलं. "मिळालं. मेला नव्हता, मेली होती. मीच."

सोनाली हसता हसता पायरीवरच बसली. रतन गंभीरपणे म्हणाला, "काही म्हणा, गाडीत डास एकही नाही."

रात्रभर बॅटरी चार्ज झाली. शनिवारी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली, तेव्हा चंपाताईंनीच आधी टाळी वाजवली.

गेटपाशी सोनालीने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात तेच मशीन होतं. "घेतलंय गं! मुक्कामाला बाहेरची वायर जोडली की लावीन!"

"आणि सकाळी आठवणीने काढ!" चंपाताई अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.