चालत्या घराचे टायर

शिरूरला नगर रस्त्यावर माझं टायरचं दुकान होतं आणि बरोबर समोर आणखी एका टायरवाल्याचं. गिऱ्हाईक काहीही मागो, तो आधी "थांबा, बघू द्या" म्हणायचा आणि गुणगुणत गाडीखाली शिरायचा. माल माझ्याकडे जास्त, तरी लोक त्याच्याकडेच जात. मला ते सलायचं.

सत्तरच्या दशकात एकदा वेरूळला निघालेलं गोरं जोडपं भलीमोठी गाडी घेऊन आलं. आत पलंग, चूल, पाण्याची टाकी, चालतं घरच. खड्ड्यांना वैतागून त्यांना मोठे टायर हवे होते. मी पायऱ्या उतरेपर्यंत गाडी त्याच्या दारात.

त्यानं गाडीवर पुरतं वजन यावं म्हणून पाण्याची टाकी भरायला लावली, दोघांना आत बसवलं, खुणेनं स्टिअरिंग पुरतं वळवायला सांगितलं आणि टायर-मडगार्डच्या फटीत मूठ घातली. मूठ अडकली. मग मलाच हाक मारली.

"आप्पा, मोठा टायर वळताना घासंल. माप हेच, पर जास्त प्लायचा, जादा थरांचा पायजे, वजन लई हाय. माझ्याकडं न्हाई, तुमच्याकडं हाय न्हवं?"

सगळे टायर माझ्याच दुकानातून गेले. गाडी निघताना बाईनं खिडकीतून हात हलवला. मीही हात वर केला, पण ती त्याच्याकडे बघत होती.