माईकवाल्या घंटागाडीच्या गावाला

५ जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत घंटागाडी उभी होती. कर्ण्यावर ओला कचरा वेगळा, सुका वेगळा असं गाणं गल्ली दणाणून वाजत होतं. मी एक ओली, एक सुकी अशा दोन बादल्या दिल्या आणि गाडीवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच ढिगात उपड्या केल्या. गाणं चालूच!

मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर पेन्सिलीचा भुसासुद्धा बाकावर राहू देत नसत, त्यामुळे ही खोड जन्माची. दिवाळीपासून दारोदार फिरून मी गल्लीला दोन बादल्यांवर आणलं होतं. ते सगळं त्या क्षणी पाण्यात गेलं, कारण शेजारच्या विजयाक्का कंपाउंडवरून बघत होत्या.

"टीचर, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवत होते मी. मालक हसायचे, पापड घातले का म्हणून. आजपासून एकच बादली. मला काही सांगायचं नाही."

आठवडा संपायच्या आत सगळी गल्ली एका बादलीवर आली. माझ्याकडे भाकऱ्या करायला येणारी सुशीला मात्र हसली. "आमच्या गावात न्हाय असलं चालत. मिसळलं की माईक न्हाय."

"म्हणजे काय?"

"माझी जाऊच गाडी चालवती. येऊन बघा की! हुरडाबी खाऊन जावा."

हुरड्याचं नाव काढल्याबरोबर विजयाक्का तयार झाल्या. कचरा बघायला त्या आल्या नसत्या. वाट दाखवायला सुशीला बरोबर.

कुणाला जायचं असेल तर सांगते: टेंभुर्णीकडे जाणारी सकाळची साधी एसटी धरा. उतरायचं मोडनिंबला; पुण्याच्या जलद गाड्या तिथे थांबतीलच असं नाही, कंडक्टरला आधी विचारा. बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डाव्या बाजूची घ्या, नाहीतर ऊन डोळ्यांवर येतं. मोहोळच्या पुढे दोन्हीकडे ज्वारी दिसायला लागते आणि माणसाचा राग आपोआप उतरतो. माझा उतरला नाही, कारण विजयाक्कांनी बिस्किटाचा पुडा संपवला आणि कागद खिडकीबाहेर धरला. मी तो हातातून काढून पर्समध्ये ठेवला. पाण्याची रिकामी बाटलीही.

"कशाला टीचर? शेवटी सगळं एकत्रच होणार की."

मोडनिंबला उतरून गरम भजी आणि चहा. भजी उत्तम, चहात साखरेचा पाक. तिथून वडाप मिळतं. जीपवाला माणशी वीस रुपये घेतो आणि जागा नसली तरी बसवतो. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर हुरडा पार्ट्या प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन धडकतील. खरंच तळमळ असेल तर स्टँडवर माईकवाली गाडी कुठल्या गावाची ते विचारा, कुणीही सांगेल.

गावात गाडी धारा काढून झाल्यावर निघते. सुशीलाची जाऊ शोभा स्टिअरिंगवर होती, गळ्यात मफलर, हातात माईक. गाणं नव्हतं. "व्हतं की आधी," ती म्हणाली. "दोन वर्सं वाजवलं, कुनी ऐकलं न्हाय. एक दिस बिघडलं. मग मी म्हनलं, तुमीच बोला."

पहिल्या दारात एक सून दोन बादल्या घेऊन आली. शोभाने दोन्हींत डोकावून पाहिलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला. सुनेने पदर सावरला आणि आवाज साऱ्या गावावर गेला:

"केळ्याची साल ओल्यात, दुधाची पिशवी सुक्यात,
सचिनरावांना सांगते, तंबाखूची पुडी टाका खोक्यात!"

ओट्यावरून तिचे सचिनराव उठून आत गेले. हशा पिकला. कचरा नीट दिला की उखाणा घ्यायला माईक, एवढाच या गावाचा कायदा. रोज नवा उखाणा लागतो, म्हणून बायका भाजी निवडतानाच जुळवत बसतात आणि ऐकायला माणसं कामं टाकून दारात येतात.

पुढचं दार सरपंचांचं. बादलीत कांद्याची सालं कॅरीबॅगसकट. शोभाने माईक मागे घेतला आणि गाडी पुढे काढली.

"अगं शोभे, चांगला जुळवला व्हता की गं!" सरपंचीणबाई मागून ओरडल्या.

"उद्याच्याला!"

तिसऱ्या दारात गोजराबाई. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. आपल्याकडे अशा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, उखाणा तर दूरच. शोभाने माईक दिला आणि म्हातारी खणखणीत म्हणाली:

"फुटकी बादली, तुटकी चप्पल, घे गं शोभे झोळीत,
गंगी म्हशीचं नाव घेते उभ्या साऱ्या आळीत!"

टाळ्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात शोभाची नजर माझ्यावर आली. "पावनं, तुमचा कचरा?"

पर्समधला कागद आणि बाटली मी दिली. माईक आला. मी मागे सरले. "मी लग्नच केलेलं नाही."

"मग बरंच हाय की," गोजराबाई म्हणाल्या. "कुनाचंबी घेता येतंय!"

आयुष्यभर वक्तृत्वाची बक्षिसं वाटली मी, आणि इथे एक यमक सुचेना. शेवटी म्हणून टाकलं:

"बिस्किटाचा कागद जपला मी पर्समध्ये,
विजयाक्कांचं नाव घेते परक्या गावामध्ये."

"बसत न्हाय नीट," गोजराबाईंनी निकाल दिला, "पर चालतंय."

"अय्यो टीचर!" विजयाक्का लाल झाल्या. मग त्यांनीच माईक ओढला आणि लागोपाठ तीन उखाणे घेतले. एक त्यांच्या घरच्या तेलुगूत. कुणाला काही कळलं नाही, टाळ्या त्यालाच जास्त.

हुरडा शोभाच्या शेतात. आगटीतून काढलेली गरम कणसं, तळहातावर चोळून, शेंगाचटणी, गूळ, दही. पळसाच्या पानावर. मी किती खाल्लं ते सुशीलाला विचारू नका. खाता खाता विजयाक्कांनी मुद्द्याला हात घातला. "पण पुढं तुम्हीबी एकत्रच करता ना?"

शोभाने त्यांना उठवून गाडीपाशी नेलं. ताडपत्री वर केली. आत मधोमध एक जुनं लाकडी दार उभं ठोकलेलं, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका. शेजारच्या शेडमध्ये सुक्याची पोती शिवून, भंगारवाल्यासाठी रांगेत.

"बाया माईकवर नाव घेऊन देत्यात," शोभा म्हणाली. "ते मिसळायचं कसं? उद्या माझ्या गाडीपाशी कोन यील?"

परतीच्या एसटीत विजयाक्का झोपल्या नाहीत. काहीतरी पुटपुटत, बोटांवर यमक मोजत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन बादल्या घेऊन दारात, आणि त्यांच्यामागे रात्रीच दारोदार फिरून त्यांनी जमवलेली अर्धी गल्ली. उखाणे ओरडून झाले. गाडीवाला हसला, लाजला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीत खणच एक आहे. मी कुठं टाकू?" त्या माणसावरचा माझा राग तिथेच संपला. आता तो योग्य पत्त्यावर जातो आहे.

आमच्या भागाच्या कचऱ्याचं काम बघणाऱ्या साहेबांस: गाणी पुरेत, लोकांना पटलेलं आहे. गाडीत मधोमध एक फळी ठोका; फळी नसेल तर माझ्याकडे माळ्यावर जुनं दार आहे, घेऊन जा. फळी कधी बसेल ते २६ जानेवारीच्या झेंडावंदनाआधी लेखी कळवा. फोनवर 'बघतो' चालणार नाही. उत्तर आलं नाही, तर झेंडावंदन झाल्यावर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका दोन-दोन बादल्या घेऊन तुमच्या कार्यालयाच्या आवारात येतील आणि माईकवर, एकेक करून, उखाण्यात तुमचं नाव घेतील. विजयाक्कांचे तयार आहेत.

त्या दिवशी तुमच्या सौभाग्यवतींना अवश्य घेऊन या.