वाढवलेली आग

सात वर्षे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहूनही म्हसू आगीला कधी भ्याला नाही. भ्यायचा तो एका शब्दाला.

पौडच्या अलीकडे, ओढ्याकाठी हिरड्याचा अर्क काढण्याचा कारखाना होता. डोंगरातल्या बायका हिरडा वेचून आणीत. तो कुटून, उकळून त्याचा अर्क कातडी कमावणाऱ्यांकडे जाई. रोगाने मेंढरे गेली तेव्हा म्हसू धनगर तिथे आगवाला म्हणून लागला. काम शिकवले म्हाताऱ्या जोतिबाने, आणि कामाबरोबर एक शिस्तही लावली. आग विझवली, असे तोंडाने म्हणायचे नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, दुकान बंद केले तर वाढवले म्हणतात. तशी आगही वाढवली म्हणायची. तो अभद्र शब्द जो उच्चारील त्याच्या घरची चूल थंड होईल. पहिल्याच वर्षी म्हसू थट्टेत तो शब्द बोलून गेला, आणि त्याच श्रावणात त्याचे दीड महिन्याचे मूल गेले. शहाण्या माणसाला यात योगायोग दिसेल. ज्याने आपल्या हाताने मूल पुरले त्याला तो दिसत नाही.

त्रेसष्ट साली बॉयलरच्या नळ्या अगदी झिजल्या होत्या. त्या बदला, असे दोन अर्ज युनियनचा चिटणीस भिवाजी याने केले. कंपनीपाशी पैसा नाही, असे उत्तर आले. त्याच वर्षी मॅनेजरसाहेबांचा पगार नऊशेचा पंधराशे झाला आणि कचेरीपुढे नवी मोटार उभी राहिली. म्हसूला महिन्याला साठ मिळत. भिवाजीने सभेत हे सांगितले तेव्हा कुणी घोषणा दिली नाही. माणसे नुसती मोटारीकडे पाहत राहिली.

फाल्गुनात संप झाला. दुपारचा भोंगा होताच सगळे फाटकाबाहेर पडले. म्हसू मागे थांबला. तापलेला बॉयलर टाकून जाऊ नये, ही जोतिबाची शिकवण. त्याने निखारे बाहेर ओढले, त्यांवर पाणी मारले, राख हाताने चाचपून पाहिली आणि मगच तो बाहेर आला.

दहाव्या दिवशी फाटकावर कागद लागला. संपकऱ्यांनी बॉयलर जाळल्यामुळे कारखाना कायमचा बंद करण्यात येत आहे, असे त्यात होते. कारखाना बुडाला की दोष शोधणारी नजर खालून वर चढू लागते, आणि बहुधा पहिल्याच पायरीवर थांबते. म्हसूला बोलावणे आले. मुंबईहून आलेल्या, मोडकी मराठी बोलणाऱ्या कारकुनाने विचारले, जाताना शेवटी काय केलेस? म्हसू म्हणाला, "आग वाढवली आन् गेलो." कारकुनाने ते इंग्रजीत उतरवले आणि म्हसूने खाली अंगठा दिला.

त्या कागदात ‘आग भडकवून गेलो’ असे लिहिले गेल्याचे भिवाजीला कळले. म्हसूच्या कबुलीने दोष कामगारांवर ठरला तर साठ घरांची भरपाई जाणार होती, आणि म्हसूवर खटला होणार होता. गावात कुणी त्याला तंबाखू देईना. पारावर नथूने टोमणा मारला, "काय आगवालं, आग वाढवली का सायबाचा पगार?" लोक हसले. म्हसूही हसायला गेला, पण त्याचे ओठ हलले नाहीत. त्याच्या बायकोला, बायजाला, आठवा महिना होता. घरी त्याने यातले काहीच सांगितले नाही.

चौकशी पौडच्या कचेरीत झाली. पुण्याहून आलेल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांना भिवाजीने शब्दाचा अर्थ समजावला. कंपनीचे वकील उठले. दुकान वाढवतात हे आपणही जाणतो, ते म्हणाले. आग मात्र वाढवतात म्हणजे भडकवतात.

"निजवली, सायेब," म्हसू पुटपुटला.

वकिलांना तेच हवे होते. निजवलेल्या आगीत निखारा जिवंत असतो, त्यांनी सांगितले. पाणी नसलेल्या बॉयलरखाली तेवढा पुरतो.

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. "हे बघ, फिरवून बोलू नकोस. आगीचं काय केलंस ते सरळ सांग. जो शब्द बोलशील तोच मी लिहीन."

दाराशी साठ घरची माणसे उभी होती. म्हसूला त्यांच्यापैकी कुणी दिसत नव्हते. दिसत होते ओढ्याकाठचे दगड रचलेले इवलेसे ठिकाण. त्याच्या पायांखालची फरशी थंड होती, आणि तो थंडावा पोटरीतून वर सरकतो आहे असे त्याला वाटले.

"इझवली," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने."

आता दुसऱ्यांदा. एकदा बायजाच्या वाट्याचे, एकदा पोटातल्याच्या, असा हिशेब त्याच्या मनात आपोआप झाला.

"म्या आग इझवली, सायेब. पानी वतून इझवली. राखंत हात घालून बघितला."

लेखणी चालू लागली.

पुढे अधिकाऱ्यांनी नळ्यांचे दोन्ही अर्ज मागवले, बॉयलर झिजलेल्या नळ्यांमुळेच गेला असे ठरवले आणि दोष संपकऱ्यांवरून काढला. कारखाना मात्र पुन्हा उघडला नाही. त्या दिवशी म्हसूला यातले काही ठाऊक नव्हते. भिवाजीने पाठीवर हात ठेवला तो त्याने झटकला आणि डोंगराची वाट धरली. वळणावरून घर दिसले. घरावर धूर नव्हता.

तो धावत सुटला. बायजा उंबऱ्यात बसली होती, पदराने डोळे पुशीत.

"चूल?" एवढेच त्याला विचारता आले.

"सकाळधरनं फुकतीया. लाकडं वली हायेत, डोळं गेलं माजं धुरानं. आन् आता धूरबी न्हाई." ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तुमी आगवालं ना? पेटवा की."

म्हसू चुलीपुढे गुडघ्यांवर बसला. त्याने राखेत बोटे घातली, वरची थंड राख बाजूला सारली आणि आणखी खाली गेला. बोटाला चटका बसला तेव्हा त्याने हात मागे घेतला नाही.