फास्ट म्हणजे काय: मास नदीच्या काठी दोन दिवस

नवरा न सांगता भांडी घासायला लागला की मला संशय येतो. त्यातून त्याने शुक्रवारची रजा टाकली, मास नदीच्या काठी एका रात्रीसाठी घर बुक केलं आणि "तुला कित्येक दिवसांत कुठे नेलं नाही गं," असं स्वतःहून म्हणाला. पाणी कुठेतरी मुरतंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आधी थोडी ओळख. मी दातांची डॉक्टर. 'अजिबात दुखत नाही' म्हणणाऱ्या पेशंटवर विश्वास ठेवायचा नाही, हे शिक्षण मला पदवीबरोबरच मिळालं. नवरा प्रसाद नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये इंजिनियर आहे. लग्न करून इकडे आलो तेव्हा आमचं ठरलं होतं की पाच वर्षं इथे, मग पुणे. कोथरूडला माझं आणि सोनाली या मैत्रिणीचं मिळून क्लिनिक आहे. दोन खुर्च्यांतली एक माझी. सोनालीने ती आजवर तात्पुरते डॉक्टर ठेवून चालवली, कारण मी परत येणार होते. इथे माझी पदवी चालवायची तर भाषा, परीक्षा, कागदपत्रं असं मोठं प्रकरण. जायचंच आहे तर कशाला, म्हणून मी त्यात पडले नाही. एका दवाखान्यात सहायक म्हणून दुसऱ्यांच्या हातात अवजारं देते. ही गोष्ट २०१७ च्या सप्टेंबरातली, आणि पाच वर्षं येत्या मार्चमध्ये पुरी होणार होती.

तीन आठवड्यांपूर्वी प्रसाद जिन्यात उभा राहून फोनवर डचमध्ये बोलत होता. त्यातले मला दोनच शब्द कळले, 'फास्ट कॉन्ट्रॅक्ट'. मी विचारलं, "कसली घाई आहे?" तर म्हणाला, "काही नाही, कॉन्ट्रॅक्टचं चाललंय." वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते लवकर करून देत असतील असं मी धरलं. पण हे सांगताना त्याने फ्रिज उघडला आणि काहीच न काढता बंद केला. ते मी लक्षात ठेवलं.

त्या फ्रिजबद्दलही सांगते. प्रसादला ऑफिसमधल्या कुणीतरी मासेमारीचा नाद लावला होता. गुरुवारी श्रीखंड काढायला गेले तर शेजारच्या डब्यात जिवंत अळ्या. "झाकण घट्ट आहे," प्रसाद म्हणाला. मी श्रीखंड टाकून दिलं. गेले पाच शनिवार हा माणूस नदीवर जाऊन हात हलवत परत येत होता. म्हणे इथे मासा पकडून परत सोडतात. माझं माहेर चिपळूणचं. पाच शनिवार मासे धरायचे आणि घरी शेपूटसुद्धा आणायचं नाही, यावर मी कसा विश्वास ठेवायचा?

शुक्रवारी सकाळी निघालो. फेल्डहोवनहून ए-टू हायवे धरून दक्षिणेला, वेर्टच्या पुढे, तासाभराचा रस्ता. ज्यांना जायचंय त्यांनी परवाना घरूनच ऑनलाइन काढावा आणि आपण बसणार तो पट्टा त्यात येतो ना, तेही बघावं. पलीकडचा काठ बेल्जियमचा, तिथले नियम वेगळे. घर पासष्ट युरोला पडलं. चादरी आपल्या न्याव्यात, नाहीतर त्यांचे वेगळे पैसे लावतात. मी थालीपिठाची भाजणी आणि लिंबाचं लोणचंही घेतलं होतं.

घर म्हणजे विम नावाच्या आजोबांच्या बागेमागची जुनी गोदामवजा खोली, पण स्वच्छ. आजोबा सत्तरीचे, उंच. इंग्रजी बेताचंच. मला डचमध्ये फक्त 'तोंड उघडा' आणि 'चूळ भरा' नीट येतं, त्यामुळे आमचा संवाद मर्यादित राहणार होता. प्रसाद मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांच्याशी गुलुगुलु बोलायला लागला. आजोबा माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

मास नदी इथे उथळ, वेगवान आणि गोट्यांची. मोठ्या बोटी नाहीत. काठावर विलोची झाडं, पलीकडे बेल्जियमच्या गाई. आजोबांनी मला गळ तयार करून दिला. नायलॉनच्या तंगुसाला एक तरंगणारी लाल टोकाची काडी, तिला इथे डोबर म्हणतात. खाली शिशाचे मणी, त्याखाली गळ आणि गळाला मक्याचा दाणा (अळी लावायला मी साफ नकार दिला). वरच्या अंगाला टाकायचं आणि डोबर प्रवाहाबरोबर सोडून द्यायचा. गळ तळाला जेमतेम घासत जायला हवा, कारण मासे तिथेच असतात. अडचणही तिथेच आहे. तळाला दगड, फांद्या, कुणाच्या तरी सायकलीचं चाक. डोबर बुडाला की तो माशाने ओढला की तळात अडकला, हे वरून कसं ओळखायचं?

पहिल्याच फेरीत डोबर हळूहळू कलंडला आणि पाण्याखाली गेला. आजोबा ओरडले, "फास्ट!"

मी फास्ट ओढलं. तंगूस तुटलं, डोबर बेल्जियमच्या दिशेने निघून गेला.

दुसरा डोबर बांधून दिला. परत तेच. "फास्ट! फास्ट!" मी यावेळी सगळा जीव लावून ओढलं आणि मागे गवतात बसले. आजोबांनी डोक्याला हात लावला. तिसऱ्या वेळी ते "बेट! बेट!" असं ओरडले, तर मी नदीत बेट शोधायला लागले. तेवढ्यात डोबर दोनदा थरथरून वर आला आणि मक्याचा दाणा गायब झाला होता.

प्रसाद पोट धरून हसत होता. "अगं, बेट म्हणजे मासा लागला! आणि फास्ट म्हणजे अडकलंय. फास्ट ऐकलं की ओढायचं नाही, सैल सोडायचं."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हणाले. दोन डोबर आणि अब्रू गेल्यावर ज्ञान मिळालं होतं.

दुपारभर मी आजोबांच्या शेजारी बसून शिकले. ते बोटांनी दाखवायचे, मी मान डोलवायची. तळ असेल तर डोबर रेंगाळतो, मग कलतो, आणि दर फेरीला त्याच जागी. मासा असेल तर त्याला स्वतःचं मन असतं. तो डोबर टचकन खाली नेतो, आडवा नेतो, कधी प्रवाहाच्या उलटही नेतो. एकाच जागी दोनदा अडकलं तर डोबर बोटभर खाली सरकवायचा, म्हणजे गळ तेवढा वर येतो. आणि शंका आली की थांबून बघत बसायचं नाही, दरवेळी मनगटाने हलकेच उचलायचं. दगड असेल तर हाताला मेलेलं वजन लागतं. मासा असेल तर दोरीतून धडधड येते.

हे मला चटकन जमलं, आणि त्याचं श्रेय माझ्या धंद्याला. दाताच्या खाचेत प्रोबची बारीक सळई फिरवताना टोक निरोगी खाचेत अडतं की किडीत रुततं, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. ती बोटं साडेचार वर्षं दुसऱ्यांना अवजारं देत होती. नदीच्या तळाशी गळ घासत गेला आणि हातात ती जुनी बारीक जाणीव आली, तेव्हा मला एकदम रडू आलं. प्रसादने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, ऊन आहे. ऊन नव्हतं.

शनिवारी सकाळी धुकं होतं. मी थालीपिठं केली, आजोबांनी चेरीची व्लाय आणली. हा त्या भागातला गोल, चपटा, फळं भरलेला केकसारखा पदार्थ. बेकरीतून ताजीच घ्या, सुपरमार्केटची नको. आजोबांनी थालीपीठ लोणच्यासकट खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरं मागितलं. मग आम्ही नदीवर गेलो. काल जिथे दोनदा अडकलं होतं ती जागा मी हेरून ठेवली होती. डोबर तिथे पोचायच्या हातभर आधीच थबकला. हा दगड नव्हे. मी उचललं आणि दोरी धडधडली.

"बेट!" आजोबांच्या आधी मीच ओरडले.

दहा मिनिटांनी काठाशी आला तो हातभर लांब, सोनेरी, चार मिशांचा बार्बेल. आजोबांनी हात ओले करून गळ काढला. मी सवयीने तोंडात डोकावले, एकही दात नाही. आजोबांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून खूण केली, याचे दात घशात असतात. मग मासा पाण्यात धरला, आणि शेपटी हलवून तो निघून गेला. चिपळूणच्या मुलीला ते बघवत नव्हतं, पण पाच शनिवारांच्या बाबतीत प्रसाद निर्दोष ठरला.

मी काठावरच्या बाकावर बसले. तो पाण्याजवळ ओढायला गेले, तर हलेना. पाय सिमेंटमध्ये पुरलेले. आजोबा हसून म्हणाले, "फास्ट." मला गंमत वाटली. बाक अडकलेला नाही, मग फास्ट कसा? मी विचारल्यावर ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावू लागले. जे हलत नाही ते सगळं फास्ट. भिंतीला जोडलेला घरचा फोन, तो फास्ट. "माझा मुलगा," आजोबा अभिमानाने म्हणाले, "कारखान्यात. फास्ट कॉन्ट्रॅक्ट. कायमचं."

मी प्रसादकडे पाहिलं. तो डोबरची गाठ तपासत होता. ती गाठ त्याने पाच मिनिटांपूर्वीच बांधली होती.

दुपारी परत निघालो. मी मनात म्हणत होते, घरी गेल्यावर बघू. तीन आठवडे हेच म्हणत आले होते. वेर्टच्या अलीकडे पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायला थांबलो, तेव्हा विचारलं.

"तू कायम झालास का रे?"

"हो. सही केली. तीन आठवडे झाले."

"आणि मार्च?"

"मला वाटलं, आधी तुला इथलं काहीतरी आवडू दे. मग सांगेन."

"म्हणजे डोबर सोडून बसला होतास माझ्यावर."

"तसं नाही गं. तू परत एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझाही विचार बदलतोय."

दात घशात घालावेत इतका राग आला होता. पण मी परत विचारलं नाही, हे खरं होतं. मला सगळं कळत होतं, त्याच्या फ्रिजपासून भांड्यांपर्यंत, आणि तरी मी गप्प बसून नुसता संशय घेत राहिले. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच भीती होती. पण मी नुसती गप्प राहिले आणि त्याने सही केली. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हेही मी त्याला त्या पंपावर सांगितलं, बऱ्याच मोठ्या आवाजात. शेजारच्या ट्रकवाल्याने काच वर केली.

तर, जावं का तिथे? जरूर जा. नदी सुंदर आहे, माणसं मायाळू आहेत, व्लाय उत्तम. दोन डोबर जास्त न्या. शब्दांचे अर्थ आधी विचारून घ्या.

माझ्यापाशी उरली ती मनगटाची सवय, शंका आली की थांबून बघत न बसण्याची. रविवारी सकाळी सोनालीला फोन लावला, स्पीकरवर, प्रसादसमोरच.

"मार्चचं नक्की ना गं?" तिने विचारलं. "नाहीतर इथे एक मुलगी कायमची मागतेय खुर्ची."

"नक्की. मी येतेय," मी म्हणाले. "एकटी येतेय."

फोन ठेवला. प्रसादने विचारलं, "परत कधी येशील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "कळलं की त्याच दिवशी तुला सांगेन."